कळसचं हिरवं खापर

सर, तुम्ही गेलात त्याला आज अडतीस दिवस झाले. तुमच्याबद्दल बरंच छापून आलं. साप्ताहिकात फोटो आला, शोकसभा झाली, जन्मगाव, नोकरी, बदल्या, निवृत्ती, सगळं बिनचूक सांगून झालं. ते मी पुन्हा लिहीत बसत नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि त्यात तुम्ही बरोबर होतात हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. जिंकलेल्या माणसानं असं निघून जायचं नसतं, सर. याचा मला मनापासून राग आलाय. आधी तुमचा आला, मग माझा, आणि मध्येच त्या यंत्राचाही येऊन गेला.

भांडण हिरव्या खापराचं. पण त्याआधी टाचणीचं सांगायला हवं.

तुम्ही लोणी भापकरचे, नोकरी आमच्या कळसच्या शाळेत, राहायला शाळेमागची भाड्याची खोली. शनिवारी दुपारी स्कूटर काढून गावी जायचात आणि सोमवारी प्रार्थनेच्या आत हजर. विज्ञान शिकवायचात. पहिल्याच चाचणीला तुम्ही आम्हाला पेपरावर नाव लिहायला लावलंत, मग तो कोपरा आत दुमडायला लावलात आणि प्रत्येकाच्या दुमडीला स्वतः टाचणी मारलीत. मार्क देऊन झाल्याशिवाय टाचणी निघायची नाही. मला वीसपैकी अकरा पडले. आमच्या घरी डाळिंबाची बाग, माझे वडील, म्हणजे दादा, शाळा समितीवर, आणि तोवर मला अठराच्या खाली मार्क ठाऊक नव्हते. दादा तरातरा शाळेत आले. "आमच्या पोरीचा पेपर हाय हे तुमास्नी कळलं न्हाय का?"

"न्हाय ना," तुम्ही म्हणालात. "त्येच्यासाठीच तर दुमडतो."

दादा आले तसे परत गेले. घरी येऊन ते आईवर चिडले.

दुमडण्याचं कारण तुम्ही मला फार पुढे, मी कॉलेजात असताना सांगितलंत, तेही भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता. तुमच्या लहानपणी घरात बौद्ध दीक्षा झालेली होती, धर्म बदलला होता, पण आडनाव तेच होतं. तुमचे गुरुजी पेपर हातात घेतला की आधी आडनाव वाचायचे आणि मग उत्तरं. एवढंच सांगितलंत आणि शेंगांची टरफलं गोळा करून बाहेर टाकून आलात. त्यानंतर तो विषय तुम्ही पुन्हा कधी काढला नाहीत.

आता खापरं. सहावी-सातवीत तुम्ही आम्हाला सहलीला म्हणून न्यायचात ते ओढ्याकाठी, नाहीतर कुणाच्या नव्या विहिरीच्या मातीच्या ढिगाऱ्यावर. तिथं पोरं ढेकळं उपसायची आणि तुटक्या गाडग्या-मडक्यांचे तुकडे घेऊन तुमच्याकडे पळायची. कुठलाही तुकडा तुम्ही टाकून दिला नाहीत. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत आहे. लग्नात आलेला तांब्या असो की बारशाची वाटी, ठोकून ठोकून नाव घातल्याशिवाय ते भांडं घरचं होत नाही. तुम्ही ती रीत खापरांना लावलीत. ज्याला तुकडा सापडला त्याचं नाव, आगपेटीच्या काडीनं, पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये, तुटलेल्या कडेवर. "तोंडावर लिवलं की रूप जातं," म्हणायचात. तुमच्या खोलीत फळीवर आमची नावं ओळीनं मांडलेली असायची. शेजारी वही, वहीत नंबर, जागा, तारीख, नाव.

मलाही काही सापडलं होतं. एक चुन्याचं जाड पुट चढलेलं पांढरट ढेकूळ, मध्ये काहीतरी टणक; ते मी तुमच्या हाती दिलं होतं. त्या उन्हाळ्यात तुमची बदली बारामतीकडे झाली आणि ते ढेकूळ मी पार विसरून गेले.

मी बारामतीला पदार्थविज्ञान घेतलं, पुण्याला पुढचं शिकले आणि जुन्या भांड्यांच्या झिलईत, वरच्या काचेसारख्या लेपात, जाऊन पडले. नेमकं सांगायचं तर चिनी हिरव्या भांड्यांच्या झिलईत, सेलॅडॉनच्या. दादांना ते पटवायला मला दोन वर्षं लागली. "भांडीच घासायची हुती तर येवढी शिकलीस कशाला?" असं ते आजही पाहुण्यांपुढे म्हणतात. तुम्हाला मात्र फोनवर पहिल्या मिनिटाला सगळं कळलं. हिरवा रंग लोहाचा असतो म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "लोह तर आपल्या इटंत बी असतंय. मग ती तांबडी का?" मी सांगितलं, भट्टीत हवा खेळती असली की लोह तांबडं-पिवळं होतं, हवा कोंडली की तेच हिरवं. शेकडो वर्षांपूर्वी त्या कुंभारांनी हवा नेमकी किती कोंडायची हे नुसत्या अनुभवावर साधलं होतं. तुम्ही दोन दिवसांनी परत फोन केलात. सुप्याच्या वाटेवरच्या वीटभट्टीवर जाऊन तुम्ही काळी पडलेली वीट फोडून बघून आला होतात. भट्टीवाल्याला वाटलं, कुणी साहेब तपासणीला आलाय. त्यानं तुम्हाला चहा पाजला.

ही भांडी आपल्याकडच्या दरबारांत फार मानाची होती, ताटात विष पडलं तर हिरवा रंग बदलतो अशी समजूत होती, हे सांगितल्यावर तुम्ही किती हसला होतात. "म्हंजे सरदार जेवायच्या आधी ताटाकडं बघत बसत आसंल," म्हणालात, "आन भाजी गार." कोकणातल्या जुन्या बंदरांत अशी खापरं मिळतात असंही मी बोलून गेले.  मग हळूच म्हणालात, "माझ्याकडं एक हाय."

ते मी पहिल्यांदा बघितलं ते तुमच्या संग्रहाच्या खोलीत. निवृत्तीनंतर लोणी भापकरच्या शाळेनं तुम्हाला एक रिकामा वर्ग दिला होता आणि तिथं तुम्ही काचेची दोन कपाटं मांडली होतीत. मधल्या फळीवर काकूंचा, तुमच्या पत्नीचा, एक कोरा ब्लाउजपीस अंथरून त्यावर ते खापर ठेवलेलं. तळहाताएवढं, पिकत आलेल्या पेरूसारखं हिरवं, झिलईखाली पाकळ्यांची कोरीव ओळ. पुढ्यात चिठ्ठी: चिनी असावे, तपासणी बाकी. मी काचेला नाक लावलं, सर. इतकं ते खरं दिसत होतं. आणि तिथंच मी सावध झाले. माझ्याच गुरूंचं खापर, माझ्याच तालुक्यातलं, आणि मला ते खरं ठरायला हवंय. असं झालं की माणूस यंत्राकडून हवं तेच वदवून घेतो.

"सापडलं कुणाला?" मी विचारलं.

"एका पोरीला. कळसकडं."

कुठल्या पोरीला, हे मी विचारलं नाही.

तपासणीच्या दिवशी मी संस्थेचं हातात धरायचं क्ष-किरण यंत्र एका दिवसाच्या बोलीवर घेऊन आले. ते दिसतं पिस्तुलासारखं. वर्गात मुख्याध्यापक, दहावीचा एक अख्खा वर्ग आणि गावातली मंडळी जमली होती. गावातले वयस्क किसन आबा पुढच्या बाकावर. मी यंत्र उचललं तर म्हणाले, "पोरी, मास्तरनं गुन्हा तरी काय केलाय?"

क्ष-किरण टाकले की मातीतलं प्रत्येक मूलद्रव्य आपापली खूण परत पाठवतं. झिलईची खूण चांगली आली. पण झिलई हल्लीही हुबेहूब करता येते. खरी परीक्षा आतल्या मातीची, आणि ती दिसते फक्त तुटलेल्या कडेवर. मी कडेवर यंत्र टेकवलं. आकडे आले. टिटॅनियम भरमसाट, जोडीला जस्त. जुन्या सेलॅडॉनच्या मातीत हे असं नसतं. आजच्या कारखान्यातल्या मालात असतं. पुन्हा टेकवलं, पुन्हा तेच. त्या दिवशी मी तीस-पस्तीस खापरं तपासली. बाकी सगळ्यांच्या कडांवर पोरांची नावं होती आणि नावावर यंत्र टेकणार नाही याची मी काळजी घेत होते. नाव नसलेलं ते एकच होतं. ते मला खटकलं नाही.

"आधुनिक आहे, सर," मी सगळ्यांसमोर सांगितलं. "कारखान्यातलं."

"खात्री हाय?"

"हो."

"मान्य," तुम्ही म्हणालात. स्वतः कपाट उघडलंत, चिठ्ठी काढलीत, खापर काढलंत, ब्लाउजपीसची घडी केलीत. तेवढ्यात किसन आबा मोठ्यानं म्हणाले, "म्हंजे गुरुजी, येवढी वर्सं तुमी चहाच्या कपाचा तुकडा जपून ठिवला व्हय!" आणि सगळे हसले.

त्यानंतर चार वर्षं तुम्ही मला फोन करत राहिलात. तब्येत, पाऊसपाणी, सुप्याच्या माळावर दिसलेली चिंकारा हरणं, काकूंचा गुडघा, हे सगळं झालं की शेवटी एकच प्रश्न. "त्ये टिटॅनियम आलं कुठनं, तेवढं सांग."

"कारखान्यातून आलं, सर."

"तीन पुरुस खोल विहिरीच्या मातीत कारखाना गेला व्हय?"

मी सांगायचे, घुशी माती उकरतात, ढिगारे सरमिसळ होतात. तुम्ही म्हणायचात, घुशीला कपबशीत चहा लागतो हे माहीत नव्हतं. आपण हसायचो. मला वाटायचं, म्हातारपणीचा हट्ट आहे, करू द्यावा. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की मी चुकले. आकडा मान्य, त्याचं कारण सांग, एवढंच तुमचं म्हणणं. शेवटच्या फोनवर तुम्हाला धाप लागत होती. यंत्र पुन्हा एकदा आणशील का, असं विचारलंत. मी म्हटलं, "सध्या यंत्राला तारीख मिळत नाही, सर. बघते." तुम्ही म्हणालात, "घाई न्हाय. खापर काय कुठं पळून चाललंय?"

पळून कोण गेलं ते आपण दोघं जाणतो.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना होऊन मंडळी जेवायला बसल्यावर, काकूंनी मला आत बोलावलं आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा व तुमची वही माझ्या मांडीवर ठेवली. "तुला द्यायची म्हनले हुते." मी वही उघडली. तुमचं अक्षर, निळी शाई. एका पानावर लिहिलं होतं: हिरवे झिलईचे खापर, कळस, विहिरीचा ढिगारा. सापडले, कु. वैशाली, इयत्ता सातवी. चुन्याचे पुट व्हिनेगरने काढले, पंधरा दिवस लागले. त्याखाली वेगळ्या शाईत: तपासणीसाठी कडेवरील नाव ब्लेडने खरवडून टर्पेंटाइनने पुसले. तपासणारीला ओळख नको. आणि त्याखाली: आधुनिक. मान्य.

सर, माझ्यापासून तुम्ही माझाच कोपरा दुमडून ठेवला होतात.

मी तशीच उठून पुण्याला आले. कड सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तुम्ही चांगलं खरवडलं होतंत, डोळ्याला काही दिसत नव्हतं. पण तुटलेल्या मातीच्या बारीक खळग्यांत पांढरे ठिपके बसलेले होते. पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये पांढरेपणा कशाचा असतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. टिटॅनियमचा. जोडीला जस्ताचा. मी चार वर्षं ज्या आकड्याला कारखाना म्हणत होते तो माझ्या नावाचा रंग होता. कुठल्याही तपासणीआधी पहिला प्रश्न विचारायचा असतो की, वस्तूला कुणी काही लावलंय का, काही पुसलंय का. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे पहिल्या तासाला शिकवते. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही माझे सर होतात आणि मला तुमच्याशी कोरडं वागून दाखवायचं होतं. तुम्ही मला ओळख लागू नये म्हणून नाव पुसलंत आणि मी ओळख दिसू नये म्हणून प्रश्न गिळला. इतकी निःपक्षपाती माणसं एका खोलीत जमली की बिचाऱ्या खापराचं काय होणार!

काकूंना विचारून मी कडेची तांदळाच्या कणीएवढी कपची काढली, आतली कोरी माती. या वेळी मी स्वतः तपासली नाही. नमुन्यावर फक्त आकडा टाकून तो एका सहकारिणीला दिला, कुठला, कुणाचा, काही सांगितलं नाही. तिचा निकाल मंगळवारी आला. जस्त नाही, टिटॅनियम अगदी कमी, माती दक्षिण चीनमधल्या जुन्या भट्ट्यांच्या मालाशी जुळणारी. सहा-सातशे वर्षांपूर्वीचं असावं. "नमुना छान आहे, मिळाला कुठं?" तिनं विचारलं.  मी जिन्यात जाऊन रडले, सर. आनंदानं की कशानं, ते अजून ठरत नाही.

गुरुवारी लोणी भापकरला गेले. काकू अंगणात गवार मोडत होत्या. मी सगळं सांगितलं, माझं नाव होतं हेही. त्यांनी मान वर केली नाही.

"मला म्हाईत हुतं," त्या म्हणाल्या. "मी म्हनलं हुतं त्येंना, सांगा की पोरीला, तिचंच हाय. तर म्हनले, तिला आदी तपासू दे. आन तपासल्यावर म्हनलं, आता तरी सांगा. तर म्हनले, आता सांगितलं तर तिला लागंल."

"आणि त्यांना लागलं त्याचं काय, काकू?"

"त्येंना?" काकूंनी सूप बाजूला सारलं. "त्या दिशी घरी आलं, जेवलं न्हाईत. दुसऱ्या दिशी म्हनले, पोरगी समद्यांफुडं खरं बोलली, माज्याफुडं बी भ्याली न्हाय. चार दिस त्येच चाललं हुतं."

मी खरं बोलले नव्हते, सर. पण तुम्ही त्याचं कौतुक करत राहिलात. कोण असं करतं? मला दुसऱ्या कुणी असं वागवलेलं आठवत नाही, आणि यापुढे कुणी वागवेल असंही वाटत नाही.

काल त्याच वर्गात मंडळी पुन्हा बोलावली. मुख्याध्यापक नवे आहेत, बाकी माणसं बरीचशी तीच. काकूंनी तोच ब्लाउजपीस इस्त्री करून आणला. मी खापर फळीवर ठेवलं आणि सांगितलं की चार वर्षांपूर्वी मी चुकीचा निकाल दिला, खापर चिनीच आहे, सर म्हणत होते ते खरं होतं. चूक कशी झाली तेही सांगितलं, पेंटपासून टर्पेंटाइनपर्यंत, काही झाकलं नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढले.

किसन आबा पुढच्याच बाकावर होते. आता ऐकू कमी येतं, म्हणून त्यांच्या नातवानं कानात ओरडून सगळं पुन्हा सांगितलं. 

"म्हंजे मास्तर बराबर हुते," ते म्हणाले.

"हो, आबा."

"मग आमी हासलो, त्ये आता कसं मागं घ्यायचं?"

  आबांना देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, कारण सर, वर मी लिहिलं ना की त्या दिवशी सगळे हसले, त्या सगळ्यांत मीही होते. आबांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं आणि मला हसू फुटलं होतं. तुम्ही कपाटाची काच लावत होतात, तुमच्या हातात माझं खापर होतं, तुम्ही वळून माझ्याकडे बघितलंत, आणि मी हसत होते.